शशिकलाच्या दंडावरचा तडा

लग्नाच्या सतराव्या वर्षी शशिकला खरमाटेच्या उजव्या दंडाला तडा गेला आणि तो बुजवायला नगरपालिकेने दुसराच माणूस पाठवला, घरात नवरा असताना.

नवरा दामोदर बावीस वर्षं तडा विभागातच होता. गावातल्या निम्म्या लोकांचे खांदे, गुडघे, कपाळं त्याने पांढऱ्या सिमेंटने बुजवली होती. पण घरच्या माणसाचं काम करायला कर्मचाऱ्याला मनाई होती. म्हणून मोरेश्वर कुडले आला. तो विभागात नवा होता आणि सिमेंटऐवजी रबरी लांबी, म्हणजे ताणला जाणारा लगदा, वापरायचा.

कुडलेने तडा आधी थोडा रुंद केला, ब्रशने धूळ झाडली आणि तळाशी कागदाची बारीक पट्टी बसवली. दामोदर दारात उभा राहून बघत होता.

"तळ मोकळा सोडलात?"

"सोडावाच लागतो, दादा. लांबीने दोन्ही कडा धरायच्या, तळ धरायचा नाही. तिन्ही बाजूंनी जखडली तर हात उचलताच फाटते."

"मी बावीस वर्षं तळापासून भरतोय."

"म्हणून तर शेजारच्या सुमनताई तीनदा उकलल्या," शशिकला म्हणाली. तिचा दंड कुडलेच्या हातात होता.

लांबी वाळल्यावर वरून रबरी लेपाचे तीन हात द्यायचे होते, दर गुरुवारी एक. दुसऱ्या गुरुवारी शशिकलाने ठेवणीतली साडी नेसली.

"डाग पडतील," दामोदर म्हणाला.

"कुडले डाग पाडत नाहीत."

माळ्यावरचा चकलीचा डबा ती इतकी वर्षं दामोदरला काढायला सांगायची. त्या संध्याकाळी तिने स्वतःच टाचा उंचावून हात वर केला. लांबी ताणली गेली, पुन्हा जागेवर बसली. दामोदर स्टूल घेऊन आला तेव्हा ती चकली खात होती. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

तिसरा हात देऊन झाल्यावर दामोदरने कामाविरुद्ध लेखी हरकत घेतली. विभागप्रमुख पाटणकरबाईंनी अर्ज दोनदा वाचला.

"कारणात 'मत्सर' लिहिलंय तुम्ही."

"खरं तेच लिहिलं, बाई."

"मत्सराचा रकाना नाही आपल्याकडे. मी 'तांत्रिक' करते. आता तपासणी लावावी लागेल, आणि तपासनीस तुम्हीच. तपासणीला नात्याची मनाई नाही. नापास केलंत तर लांबी छिन्नीने काढतील, एवढं लक्षात ठेवा."

सोमवारी शशिकला कार्यालयात येऊन खुर्चीवर बसली आणि तिने बाही वर केली. कुडले भिंतीला टेकून उभा होता. दामोदरने अंगठा लांबीवर दाबला. लांबी आत गेली, बाहेर आली. कडेने नख फिरवलं, कुठे सुटलेलं नव्हतं. असं काम त्याच्या हातून कधीच झालं नव्हतं. लेपात एका जागी बोटाचा पुसट ठसा होता आणि तो दामोदरचा नव्हता. त्याने पेन उघडलं आणि 'नापास'चा 'ना' लिहिला.

"छिन्नी माझ्या दंडाला लागणार आहे," शशिकला हळूच म्हणाली. "तुमच्या मनात काय आहे ते मला कळतंय. पण कामाचं काय ते खरं लिहा."

दामोदरने 'ना' खोडला. 'काम उत्तम' असं लिहून त्याने खाली सही केली. सही संपताच त्याच्या छातीत टक्कन आवाज झाला आणि गळ्यापासून बेंबीपर्यंत सरळ तडा गेला.

पाटणकरबाईंनी यादी पाहिली. नात्यात नसलेला आणि मोकळा असलेला एकच कर्मचारी होता.

गुरुवारी कुडलेने दामोदरला पलंगावर झोपवून छाती भरली. "श्वासाने ही जागा हलत राहते," तो शशिकलाला म्हणाला. "सहा वाजेपर्यंत वहिनी, तुम्ही दोन्ही तळवे ठेवून बसा. उचलायचे नाहीत." मग तिने आधीच करून ठेवलेला चहा पिऊन तो निघून गेला.

शशिकला दोन्ही तळवे दामोदरच्या छातीवर ठेवून बसली.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग तोंड का असं?"

"त्याच्या चहात आलं घातलंस."

"तुम्हीच नको म्हणता ना."

"आता हवंय."

शशिकलाने घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार झाले होते.

"सहानंतर करते," ती म्हणाली आणि तळवे जरा घट्ट दाबून बसली.