पट्टेदाराने समक्ष हजर राहावे

केशवच्या घराखालच्या प्लॉटचं तीस वर्षांचं लीज एकतीस मार्चला संपत होतं. सरकारी कचेरीची नोटीस आली एकोणीस तारखेला: "मुदतवाढीच्या अर्जाबाबत पट्टेदाराने समक्ष हजर राहावे, अन्यथा जागा परत घेण्यात येईल." लीज ज्यांच्या नावावर ते पट्टेदार म्हणजे केशवचे वडील, बाबाराव. ते दोन वर्षांपूर्वी, १९७७ साली वारले होते. अर्जावरची त्यांची सही मात्र गेल्या महिन्यातली होती. ती केशवने केली होती.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, लीज आपल्या नावावर करून घ्या," त्याची बायको शामला म्हणाली.

"त्याच्यासाठी यमुताईची संमती लागते."

"मग मागा नं! सख्खी बहीण आहे तुमची."

बाबारावांच्या तेरवीला केशवने यमुताईच्या यजमानांना, घरच्या जावयाला, दुसऱ्या पंगतीत बसायला सांगितलं होतं. पहिल्या पंगतीत एक पान कमी पडलं, एवढंच कारण. जावई न जेवता निघाले, त्यांच्यामागे यमुताई. गावातल्याच महाल भागात तिच्या घरी जाऊन माफी मागायचं केशव दर रविवारी ठरवत असे. असे एकशे तीन रविवार झाले होते. बहिणीपुढे उभं राहण्यापेक्षा वडिलांना जिवंत करणं त्याला सोपं वाटलं.

शेजारचे धोंडबा वयाने आणि मिशीने बाबारावांच्या जवळपास होते.

"मले काय करा लागंल?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, काका. कचेरीत नुसतं बसायचं."

"मेलेला माणूस म्हणून?"

"जिवंत म्हणून."

"मग जमते. तेवढं तं मी रोजच करतो."

दुसऱ्या दिवशी दोघं सायकलरिक्षाने कचेरीत पोचले. टेबलामागे मधुकरराव नावाचे वयस्क कारकून बसले होते. त्यांनी चष्मा पुसला, धोंडबांकडे पाहिलं, चष्मा पुन्हा पुसला.

"या, बाबाराव. तब्येत कशी आहे?"

"गुडघे दुखून राहिले, गा," धोंडबा म्हणाले.

"वरतीबी दुखतात काय गुडघे?"

केशवने टेबलाखाली धोंडबांचा हात दाबला.

"बाबाराव आन् मी एका शाळेत होतो," मधुकरराव शांतपणे म्हणाले. "तुमच्या तेरवीले मी जेवलो. पहिल्या पंगतीत, शेवटचं पान माझंच होतं."

धोंडबांना आता गप्प बसवेना. "बुंदी कशी झाली होती?"

"बुंदी चांगली होती. वरण पातळ होतं."

"साहेब, चूक झाली," केशव म्हणाला. "आता घर जाईल नं?"

"काहून जाईल?" मधुकररावांनी फाइल उघडली. "यमुताई पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेल्या. संमतीवर सही माझ्यासमोर केली, वर हे लिहून दिलं. वाचा."

केशवने वाचलं. 'लीजची मुदत संपते, हे बाबा नेहमी सांगत म्हणून लक्षात होतं. माझा भाऊ केशव विचारायला येणार नाही, तो लाजेल. घर त्याच्या नावावर करावं. माझी आणि माझ्या यजमानांची हरकत नाही.'

खाली यजमानांचीही सही होती. ठसठशीत.

"मग नोटीस?"

"मीच पाठवली. म्हटलं पाहू, कोण हजर होते." त्यांनी कोरा अर्ज पुढे सरकवला. बाबारावांच्या सहीचा जुना अर्ज चार तुकडे करून टोपलीत टाकला. "आता स्वतःच्या नावानं करा. मृत्यूचा दाखला उद्या आणा. आन् यांना आणू नका."

केशवने अर्ज भरला. स्वतःच्याच सहीला त्याचा हात दोनदा थांबला.

बाहेर रिक्षावाला उभाच होता. "घरी?"

"नाही. महालात," केशव म्हणाला. "यमुताईकडे."

धोंडबा त्याच्या शेजारी चढून बसले, टोपी सारखी केली आणि हळूच म्हणाले, "तिथं मी कोण हाय, ते आत्ताच सांगून ठेव, गा."