फ्रिजला लावलेली बेल

फ्रिजचं दार उघडून बर्फ्या आतल्या सॅलमीकडे टक लावून उभा होता. आणली तेव्हा ती हातभर होती. आता कोपरापर्यंतही पोचत नव्हती.

बर्फ्या हे नाव त्याला गल्लीने दिलेलं. धंदा फ्रिज दुरुस्तीचा, आणि गारव्यावर त्याची श्रद्धा अशी की गार ठेवलं म्हणजे काहीच बिघडत नाही, हा नियम तो दुधालाही लावी आणि नवरा-बायकोच्या भांडणालाही. सॅलमी विकणाऱ्या दुकानदाराचं मोठं फ्रिजचं कपाट त्याने भर उन्हाळ्यात वाचवलं, तेव्हा दुकानदाराने खूश होऊन मिरी लावलेली, खारवून वाळवलेली मांसाची ती अख्खी कांडी त्याच्या हातात ठेवली.

घरी बायकोला सातवा महिना होता. आंबट बघवत नव्हतं, गोड नकोसं झालं होतं. बर्फ्या दारातून आत आला आणि तिने वास घेत मान वर केली.

"कुठे होतात आज?"

"सॅलमीच्या दुकानात. का?"

"शर्ट धुवायला टाकू नका. असू दे थोडा वेळ."

डोहाळे काय लागले आहेत ते सांगायला आणखी काही बोलावं लागलं नाही. पण बर्फ्या सावध माणूस. तिला घेऊन तो आधी डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"गरम असेल तरच खायची," बाई म्हणाल्या. "तव्यावर चांगली वाफ निघेपर्यंत, आणि लगेच. तीही थोडी, मीठ फार असतं त्यात. कापून तशीच गार तोंडात टाकायची, ते बाळ होईपर्यंत बंद."

"पण बाई, आमच्याकडे फ्रिज—"

"अशा मांसात कधी कधी एक जंतू असतो, तो फ्रिजमध्येही वाढतो."

"कोणाच्या फ्रिजमध्ये?"

"कोणाच्याही."

"माझा चार डिग्रीला असतो, बाई. काटा हलत नाही."

"चार डिग्रीलाही वाढतो. आईला नुसती कणकण येते आणि बाळाला धोका होतो. ताप वाटला तर मला लगेच कळवायचं."

आपल्याच तिजोरीत उंदीर निघाल्यावर सोनाराचा चेहरा जसा होईल, तसा चेहरा घेऊन बर्फ्या घरी आला. आई वाटच बघत होती.

"काय म्हणाल्या?"

"गरम असेल तर चालेल."

"अगं बाई! गरमच तर आहे ती! एवढी मिरी, एवढं मीठ. गरम पडेल पोरीला!"

"आई, ते गरम नाही गं. गरम गरम."

"म्हणजे दुप्पट?"

गरम म्हणजे अंगात उष्णता करणारं आणि गरम म्हणजे तव्यावरून आत्ता उतरलेलं, यातला फरक सांगता सांगता बर्फ्याच्याच अंगात उष्णता झाली. शेवटी त्याने स्वतःच तवा चढवला. सॅलमीच्या चकत्या टाकल्या आणि धंद्यातला तापमापक काढून एकेका चकतीत खुपसला. वाफेने चष्मा पांढरा झाला तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. बायकोने डोळे मिटून पहिला घास घेतला. आईने तोंड फिरवलं. नाक मात्र तिथेच राहिलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण मग सॅलमी आखूड व्हायला लागली.

"तू खाल्लीस?" बर्फ्याने बायकोला विचारलं.

"तुम्ही तव्यावर दिलीत तेवढी."

"मग ही कमी कशी होते?"

बायकोने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं. "आकसत असेल. गारठ्यात माणूसही आकसतो."

"आकसलेली वस्तू सुरीने कापल्यासारखी दिसत नाही!"

"मग मला नाही माहीत. तुम्ही त्यातले जाणकार."

हिला राहवत नाही, ही चोरून गारच खाते, आणि सांगायला लाजते, असं बर्फ्याने मनाशी पक्कं केलं. रागावलं तर मन दुखेल, गप्प बसलं तर बाळाचं काय? मधला मार्ग म्हणून तो सकाळ-संध्याकाळ तिचा ताप बघायला लागला.

"मला ताप नाही हो, वैताग आहे," ती म्हणायची.

"वैतागाने अंग कोमट लागतं का?"

"तुमच्या मानाने सगळ्या जगाचंच अंग कोमट लागतं."

शेवटी त्याने धंद्याची अक्कल चालवली. घराच्या दाराला पाखरासारखी चिवचिवणारी बेल होती. तिचीच जोडीची दुसरी बेल माळ्यावर पडून होती. ती काढून त्याने फ्रिजच्या दाराला अशी जोडली की दार उघडलं की चिवचिव झालीच पाहिजे.

दोन्ही बेलांचा आवाज एकच आहे, हे त्याच्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी. इस्त्रीवाल्याने दाराची बेल वाजवली आणि बर्फ्या उडी मारून फ्रिजपाशी. इस्त्रीवाला बाहेर ताटकळून निघून गेला, आणि कपडे घेऊन गेला. आईने दह्यासाठी फ्रिज उघडला, तर बायको "आले, आले" म्हणत पोट सावरत दारापर्यंत गेली. जिन्यावरून भाजी घेऊन जाणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं आपल्यासाठीच दार उघडलं. त्या आत येऊन बसल्या, चहा प्यायल्या, सुनेचं पोट बघून मुलगाच होणार म्हणाल्या, आणि चहा चांगला वाटला म्हणून पुढच्या चिवचिवीलाही आल्या. त्या वेळी मुलगी होणार म्हणाल्या.

आईने मात्र या गोंधळातून पटकन वाट काढली. बेल वाजली की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "बघ रे, दारात कोण आलंय!" बर्फ्या दारात जायचा. दारात कोणी नसायचं. सॅलमी आणखी आखूड झालेली असायची.

रविवारी दुपारी तो बायकोच्या तोंडात थर्मामीटर घालून समोर बसला होता. बेल वाजली.

"बघ रे, दारात कोण आलंय!" आतून आवाज आला.

बर्फ्या उठला. दार उघडलं. जिना रिकामा. त्याने मागे वळून बघितलं. बायको खुर्चीतच होती, तोंडात थर्मामीटर तसाच. म्हणजे बेल दाराची नाही. आणि फ्रिजपाशी ही नाही. गारव्यात काम करून करून थोडं हळू चालणारं त्याचं डोकं एकदम पळायला लागलं, आणि त्याच्यामागे पायही. बायकोने त्याचा शर्ट पकडला.

"दोन मिनिटं थांबा," ती थर्मामीटर काढून हळूच म्हणाली. "खाऊ दे त्यांना."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. इतक्या पातळ चकत्या तुम्हाला येतात का, मला येतात?"

"आणि मी तुझ्यावर संशय घेत होतो, तेव्हा बोलली का नाहीस?"

"माझं काय, चार वेळा ताप बघून झाला. त्यांना लाज वाटली असती."

तरी तो गेलाच. फ्रिजच्या उजेडात आई पाठमोरी उभी होती. कागदासारखी चकती जिभेवर ठेवून तिने डोळे मिटले होते.

"आई?"

आई वळली नाही. "काय आहे? मी काय पोटुशी आहे?"

"अगं, पण गरम पडते ना ती?"

आईने फ्रिजचं दार हळूच लावलं. "तुझ्या वेळी मला हीच हवी होती. शेजारी तव्यावर टाकली की वास यायचा, आणि मी खिडकीत जाऊन उभी राहायची. सासूबाईंनी एकदाच सांगितलं, गरम पडते. विषय संपला. मग तू झालास. बाळंतिणीचं सगळे विचारतात रे, पण आधी काय खायचं राहिलं ते कोण विचारतं?"

"मग हिला का नको म्हणालीस?"

"तोंडात तेच आलं. त्यांचंच वाक्य." तिने पदराने ओठ पुसले. "म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. पण तोवर म्हणून झालं होतं."

आपण पोटात असताना ही खिडकीत उभी होती, याची जबाबदारी नक्की कोणाची, हे बर्फ्याला ठरवता येईना. असं अडलं की तो हाताला काम देतो. त्याने पकड घेतली, फ्रिजची बेल काढून खिशात टाकली आणि तवा चढवला. उरलेली सगळी सॅलमी कापली. वाफ निघाली, चष्मा पांढरा झाला, पहिली ताटली बायकोसमोर गेली. ती लगेच खायला लागली, आणि आईसाठी बाजूची खुर्ची पायाने ओढली.

"तुझीही गरम करतो, आई."

"नको. तशीच दे," आई खुर्चीत बसत म्हणाली. "माझं बाळ केव्हाच होऊन गेलंय. मला गार चालते."

तेवढ्यात चिवचिव झाली. फ्रिजची बेल तर खिशात होती, म्हणजे दारात खरंच कोणीतरी होतं. बहुतेक काकू.

तिघांपैकी कोणीही उठलं नाही.