बत्तिसावा तुकडा

शनिवारी सकाळी जावईबापूंनी जेवणाच्या टेबलावर पांढराशुभ्र टॉवेल अंथरला आणि बाह्या सरसावल्या.

"पंपाच्या कारखान्यात अठरा वर्षं स्टोअर सांभाळतोय मी!" ते बायकोला म्हणाले. "चार हजार प्रकारचे सुटे भाग! आजवर एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही. ही तर गळाची दोरी गुंडाळायची एवढीशी रील. खोलायची, पुसायची, तेल द्यायचं, जोडायची. तासाभराचं काम!"

"बाबांनी काय सांगितलं होतं?"

"ठेवा म्हणाले होते."

"'फक्त ठेवा' म्हणाले होते. आणि 'फक्त' दोनदा म्हणाले होते."

बाबा म्हणजे जावईबापूंचे सासरे. वीज खात्यातून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. लोकांच्या मीटरमध्ये कोणी छेडछाड केली ते हुडकण्यात उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे घरचा चहासुद्धा ते पहिला घोट घेऊन, थोडं थांबून, मगच पुढे पीत. दरवर्षी तळ्यावर मासेमारीची स्पर्धा असे आणि सासरे दरवर्षी सोबतीला मोठ्या जावयाला, म्हणजे आपल्या जावईबापूंच्या साडूला नेत. लग्नाला नऊ वर्षं झाली, धाकट्या जावयाला एकदाही विचारलं नाही! यंदा तळं जवळ पडतं म्हणून रील दोन दिवस आधी इथे आणून ठेवली, एवढाच काय तो मान. जावईबापूंना हे फार लागलं होतं. रविवारी सासऱ्यांनी रील हातात घ्यावी, ती लोण्यासारखी फिरावी आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघावं, "तुम्हीही चला," इतकीच त्यांची इच्छा होती.

काम झोकात सुरू झालं. एका स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका होता. "काय ही घाण!" म्हणत जावईबापूंनी तो थिनरने लख्ख पुसून टाकला. रीलची जुनी कापडी पिशवीही टॉवेलवर उलटी करून चांगली झटकली. मग टेबलावर जे जे होतं ते स्टोअरच्या शिस्तीप्रमाणे मोजलं, वहीत लिहिलं, खाली सही ठोकली. एकूण नग बत्तीस.

बारा वाजता रील जोडून झाली. हँडल फिरवलं तर ती अशी गोल गोल फिरली की बघत राहावं!

आणि टॉवेलवर एक तुकडा उरला.

बोटाच्या पेराएवढा. पोलादी. एका बाजूने करवतीसारखे बारीक दाते, मध्ये भोक. दुसरा कोणी असता तर त्याने डावीउजवीकडे बघून तो खिशात टाकला असता आणि हात धुतले असते. पण जावईबापू स्टोअरकीपर! बत्तीस आले, एकतीस गेले. रील फिरते आहे हा पुरावाच नव्हे. वहीवर सही आहे, म्हणजे वही बरोबर. आपणही बरोबर. मग उरलं कोण? घरातलीच माणसं! त्यांनी तुकड्यावर एक वाटी पालथी घातली आणि बायकोला हाक मारली.

"अगं, तू दहा वाजता इथे आली होतीस."

"चहा घेऊन आले होते."

"एका हातात कप होता. दुसऱ्या हातात काय होतं?"

"बशी!"

"बशी कशाला? मी कधी बशीत पितो?"

"अहो, तुम्हाला झालंय काय? आणि वाटीखाली काय आहे? दाखवा तरी."

"संशयिताला पुरावा दाखवत नसतात," जावईबापू म्हणाले आणि वाटीवर हात ठेवून बसले.

बायकोने कपाळावर हात मारला आणि ती स्वयंपाकघरात गेली. एवढ्यात जावईबापूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अकरा वाजता साडू शिडी मागायला आला होता! टेबलापाशी दोन मिनिटं रेंगाळला होता, "अरे वा, काय चाललंय?" म्हणाला होता. आणि त्याचा एक हात खिशात होता! त्यांनी तडक फोन लावला.

"तुमच्या खिशात काय होतं?"

"कधी?"

"सकाळी. इथे."

"रुमाल असेल."

"असेल? म्हणजे नक्की नाही!"

"अहो, माझ्या खिशात काय असणार? रुमालच."

"शिडी न्यायला आलेल्या माणसाला रुमाल कशाला लागतो?" जावईबापूंनी विचारलं, तेव्हा पलीकडून फोन ठेवला गेला. निरपराध माणूस असा फोन ठेवील का? त्यांची खात्रीच पटली. साडूने नक्की काहीतरी बदललं होतं. उद्या तळ्यावर, सगळ्यांदेखत, रीलने मान टाकावी आणि धाकटा जावई कायमचा बाद व्हावा, हाच डाव!

मग त्यांनी रील पुन्हा खोलली. पुन्हा जोडली. पुन्हा एक उरला, तोच दातेरी. तिसऱ्यांदा खोलली तेव्हा एक स्प्रिंग टुणकन उडाली आणि फ्रिजखाली गेली. फ्रिज सरकवावा लागला. स्प्रिंग सापडली, शिवाय बायकोचं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलंही सापडलं. त्या वेळी जावईबापूंचा संशय साडूवरच होता.

"त्यांची माफी मागा आता," बायको कानातलं पुसत म्हणाली.

"आधी रीलचा तपास पुरा होऊ दे."

पाच वाजता रील चौथ्यांदा जोडून झाली. बायको जवळ येऊन बघत उभी राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"अहो, या स्क्रूवर एक लाल ठिपका होता ना?"

"होता. घाण होती. काढली."

"घाण? सील होतं ते! बाबा मीटरला लावायचे तसलं! कोणी रील उघडली तर कळावं म्हणून!"

जावईबापू ताडकन उठले. "तुझं नेलपॉलिश आहे ना? आण, आण लवकर!"

"माझं गुलाबी आहे."

"गुलाबीच वाळलं की लाल दिसत असेल!"

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात सासरे उभे होते. "सहज आलो," ते म्हणाले. पण तीस वर्षं लोकांच्या घरी सहजच जाणारा हा माणूस! आत आले, बसले नाहीत. सरळ टेबलापाशी जाऊन रील उचलली आणि चष्मा कपाळावर सरकवून स्क्रू डोळ्याजवळ नेला.

"चहा टाक गं," ते लेकीला म्हणाले. ती आत जाताच त्यांनी जावईबापूंचा दंड धरला आणि त्यांना बाल्कनीत नेलं. नऊ वर्षांची बेरीज आता एका वजाबाकीत संपणार, असं जावईबापूंना वाटलं.

पण सासऱ्यांचा आवाज अगदी खाली उतरला. "जावईबापू, खरं सांगा. काही... उरलं का?"

"अं?"

"दाते असलेलं? एवढंसं?"

जावईबापूंनी मान डोलावली.

"अकरा वर्षांपूर्वी मी उघडली होती," सासरे कुजबुजले. "जोडल्यावर तो उरला. कुठे बसतो ते काही केल्या कळेना. टाकवेना म्हणून पिशवीच्या तळाशी ठेवला आणि स्क्रूवर सील मारलं. कोणी उघडून बघितलं असतं तर काय इज्जत राहिली असती माझी? मीटर तपासनीस मी! मोठ्याला नेतो तो एवढ्यासाठीच, त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही कारखान्यातले. तुमची भीती वाटायची हो मला."

नऊ वर्षं जावईबापू ज्याला नापसंती समजत होते ती चक्क भीती होती! "बाबा, मी कोणाला सांगणार नाही," ते म्हणाले.

"मग उद्या तुम्हीही चला तळ्यावर," सासरे म्हणाले आणि त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

दोघं हसऱ्या चेहऱ्याने आत आले. चहा टेबलावर ठेवून बायको तिथेच उभी होती. पालथी वाटी तिच्या एका हातात होती, तुकडा दुसऱ्या हातात. या वेळी बशी नव्हती.

"हा इथे कसा?" ती म्हणाली. "हा तर आईच्या शिलाई मशीनचा दाता! सुईखाली असतो, कापड पुढे सरकवतो. लहानपणी मीच साफ करायचे."

"हळू बोल!" सासरे म्हणाले.

"बाबा, तेव्हा तुम्ही रीलबरोबर आईच्या मशीनलाही तेल घातलं होतं ना? एकाच वर्तमानपत्रावर?"

सासरे चहा प्यायले. पहिल्या घोटानंतर थांबले नाहीत.

"त्यानंतर मशीन चालतं, पण कापड जागचं हलत नाही. आणि तुम्ही आईला काय म्हणालात? 'तुझा हात जड झालाय.' अकरा वर्षं ती ब्लाउजसुद्धा बाहेरून शिवून आणतेय, बाबा!"

आणि तिने फोन उचलला.

रविवारी सकाळी सात वाजता सासूबाई मशीन घेऊन हजर झाल्या. सुईखालची पट्टी काढली, दाता बसवला, स्क्रू पिळले. पाच मिनिटांचं काम. जुनं फडकं घालून चाक फिरवलं, तर फडकं सरसर पुढे सरकलं. त्या थांबल्या आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या.

"जड नव्हता म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या. सासऱ्यांनी मान खाली घातली. जावईबापूंनाही कसंसंच झालं.

मग सासूबाईंनी पिशवीतून जाडजूड कापड काढलं. "ती रील द्या इकडे."

"अगं, नऊला स्पर्धा आहे."

"द्या म्हटलं ना!"

रील कापडात ठेवली गेली आणि मशीन धडधडू लागलं. एक बाजू झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथी बाजू शिवताना साडूचा फोन आला. 'निघालात का?' म्हणून विचारत होता. सासूबाईंनी दोरा तोडला, कात्री पर्समध्ये टाकली आणि चारही बाजूंनी बंद झालेलं ते गाठोडं नवऱ्यापुढे ठेवलं.

"हे माझं सील. कोणी छेडछाड केली तर मला कळेल."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि गाठोडं डोळ्याजवळ नेऊन चारही शिवणी निरखून पाहिल्या. मग ते जावयाकडे सरकवलं. जावईबापूंनी ते हातात तोललं, वही उघडली आणि सवयीप्रमाणे नोंद केली: नग एक.