डिक्कीचा पंचनामा

शेखर बोरस्त्यांनी त्या सकाळी दोनच जिलब्या खायच्या ठरवल्या होत्या. पण केरूशेठच्या मिसळीच्या दुकानात नेमका तेव्हाच घाणा उतरत होता, आणि गरम जिलबीसमोर आकड्यावर ठाम राहणं शेखररावांना आजवर जमलेलं नाही. त्यांनी पाव किलो घेतली. चार तिथेच उभ्याउभ्या संपवल्या, उरलेल्या खोक्यात घालून स्कूटरच्या डिक्कीत ठेवल्या, बोटांना लागलेला केशरी रंग रुमालाला पुसला (जिभेवरचा मात्र लवकर निघत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं) आणि दुधाची पिशवी घेऊन साळसूदपणे घरी आले. दूध आणायलाच पाठवलं होतं त्यांना.

आता यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण दिवाळीच्या आधी रक्तातली साखर इतकी वाढली होती की डॉक्टरांनी इन्सुलिनचं नाव काढलं होतं. शेखरराव सुईला फार भितात. त्यांनी बायकोच्या, म्हणजे हर्षालीच्या, डोक्यावर हात ठेवून गोड सोडलं. हर्षालीला साखरेचा काडीचा त्रास नाही. पण एकट्याला जड जाईल म्हणून तिनंही सोडलं. घरात दिवाळी झाली ती चकली-चिवड्यावर, आणि चहा तेव्हापासून बिनसाखरेचा. हर्षालीनं शब्द पाळला. शेखररावांचा आठ दिवस टिकला. याचं त्यांना फार वाईट वाटायचं, अगदी मनापासून. आणि वाईट वाटलं की ते केरूशेठकडे जायचे.

त्या दिवशी ऑफिसला जाता जाता लॅबमध्ये रक्त द्यायचं होतं. उपाशीपोटी. (चार जिलब्यांसकट.) शेखरराव स्कूटर काढतात तोच हर्षाली चप्पल घालत म्हणाली, मीही येते, सुई बघून तुम्हाला घेरी येते. नाही म्हणायला कारण सुचेना. डिक्कीवर सीट आणि सीटवर हर्षाली, अशी त्यांची वरात गंगापूर रोडला लागली.

केरूशेठच्या दुकानापासून शंभर पावलांवर नाकाबंदी होती. संक्रांत तोंडावर आलेली, नायलॉन मांजानं माणसांचे गळे कापले जात होते, म्हणून पोलीस गाड्या बघत होते. हवालदार मोठा शांत माणूस. छातीवर पाटी होती, गांगुर्डे. ते म्हणाले, "दादा, डिक्की उघडा जरा. मांजा बघतोय."

दुसरा कोणी असता तर डिक्की उघडून मिनिटात मोकळा झाला असता. पण शेखरराव सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतात. तोंडी सांगितलेलं काम करायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यातच मागच्या आठवड्यात ऑफिसात एका वकीलबाईंचं व्याख्यान झालं होतं: पोलिसांनी अडवलं तर नागरिकाचे हक्क. त्याचं पत्रक शेखररावांनी घरी सलग तीन संध्याकाळ मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. ते आता खिशात होतं आणि डिक्कीत जिलबी. बुडत्याला काडीचा आधार, तसं त्यांनी पत्रक बाहेर काढलं.

झडतीचं कारण काय, संशय कशावरून, सगळं त्यांनी विचारून घेतलं. गांगुर्डे न चिडता उत्तरं देत होते. मग शेखररावांनी दोन पंच मागितले, तेही परिसरातले आणि प्रतिष्ठित. शिवाय झडतीचं चित्रीकरण, आणि सापडेल त्या प्रत्येक वस्तूची यादी. इतक्या झंझटीला कंटाळून हवालदार जा म्हणतील, असा त्यांचा अंदाज होता. हर्षाली मागून हळूच म्हणाली, "अहो, उघडा ना. काय आहे त्यात? फडकंच तर आहे."

"फडक्याचा प्रश्न नाही, हर्षाली. तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्व ऐकल्यावर मात्र गांगुर्डेंचा चेहरा बदलला. एवढा कायदा तोंडपाठ असलेला माणूस साध्या डिक्कीला घाबरतो, म्हणजे आत निदान पाच रिळं असणार, असं त्यांनी धरलं. "सगळं तुमच्या म्हणण्याप्रमाणं करू," ते म्हणाले. त्यांनी बरोबरच्या शिपायाला मोबाईलवर चित्रीकरण सुरू करायला लावलं. एक पंच समोरचा औषधवाला मिळाला. दुसरा पंच टॉवेलला हात पुसत आला, आणि त्याला बघून शेखररावांनी पत्रकाची घडी घालून ते खिशात टाकलं. परिसरात केरूशेठइतकं प्रतिष्ठित कोण होतं?

डिक्की उघडली. फडकं निघालं, पाना निघाला, खोकं निघालं. गांगुर्डेंनी झाकण उचललं.

"आरं, ही तर आपलीच जिलबी हाय," केरूशेठ कौतुकानं म्हणाले. "शेखरभाऊ, सकाळी चार हितंच खाल्ल्या, बाकीची अजून संपली नाय व्हय? साहेब, ह्यो माणूस लय सज्जन. दिवाळीपासून एक खाडा नाय."

गांगुर्डेंनी एकदा हर्षालीकडे पाहिलं, एकदा शेखररावांकडे, आणि खालच्या आवाजात बोलत बोलत लिहायला घेतलं: एका पुठ्ठ्याच्या खोक्यात जिलबी, अंदाजे पाव किलो, पैकी चार नग कमी. नायलॉन मांजा, निरंक. मग त्यांनी खोकं पुढं केलं. हर्षाली म्हणाली, तुम्ही घ्या. ते म्हणाले, नको वहिनी, मलाही शुगर आहे. खोकं केरूशेठबरोबर परत गेलं.

"याची प्रत मिळते ना?" हर्षालीनं विचारलं. "पत्रकात आहे. शेवटून दुसरा मुद्दा."

लॅबमध्ये सुई टोचताना तिनं शेखररावांचा हात मात्र धरला, नेहमीसारखा घट्ट, आणि तेव्हा म्हणाली, "मला चहा आवडत नाही हो तसला. तरी पितेय तीन महिने." सुईपेक्षा ते जास्त लागलं. शेखररावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नर्सला वाटलं, सुईमुळेच.

पंचनाम्याची प्रत फ्रिजवर चुंबकाखाली लागली. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये डिक्कीची झडती सुरू झाली. पहिल्या दिवशी उरलीसुरली अब्रू सांभाळायला शेखरराव म्हणाले, पंचांशिवाय झडती बेकायदेशीर आहे. हर्षालीनं लगेच तळमजल्यावरच्या लताबाईंना हाक मारली. लताबाईंना हे काम इतकं आवडलं, की स्कूटरचा आवाज आला की त्या आपणहून बाहेर येऊन उभ्या राहू लागल्या.

दहा दिवस निरंक गेले, आणि खरोखरचे निरंक. अकराव्या दिवशीही डिक्कीत फडकं आणि पानाच होता. फक्त शेखरराव वीस मिनिटं उशिरा आले होते. हर्षालीनं विचारलं, कुठे थांबला होतात?

शेखररावांनी शांतपणे खिशातून पत्रक काढलं आणि शेवटच्या मुद्द्यावर बोट ठेवलं: स्वतःविरुद्ध बोलायला कोणालाही भाग पाडता येत नाही.

हर्षालीनं तो मुद्दा पूर्ण वाचला. मान डोलावली.

"बरोबर आहे. नका बोलू," ती म्हणाली. "नुसती जीभ दाखवा."

लताबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या पुढे आल्या.