तीन क्विंटलची स्प्रिंग

"मेकॅनिकला कशाला हात जोडायचे? गाडीच्या मागच्या दोन स्प्रिंगा बदलायच्या, एवढंच ना? चहा निवायच्या आत बसवतो बघ!" शनिवारी सकाळी भाऊसाहेबांनी बायकोला ठणकावून सांगितलं. भाऊसाहेब टपाल कचेरीत शिक्के मारतात. पण हातात पाना आला की त्यांच्या अंगात इंजिनिअर संचारतो, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे.

यावेळी कारणही तसंच होतं. त्यांची बायको, म्हणजे आपल्या वहिनी, घरी केक करतात. मागच्या खेपेला गाडीतून तीन मजली केक नेताना पहिल्याच गतिरोधकावर वरचा मजला खाली राहायला आला! बिचाऱ्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत. आज पाच वाजता एका मोठ्या हॉटेलात केक पोचवायचा होता. तो धड पोचला तर दर शनिवारचं काम मिळणार होतं. नाही तर होतं नव्हतं ते नावही जाणार.

"अहो, आजच कशाला गाडी उघडताय?"

"केक असा जाईल, की घर सोडल्याचं त्याला कळणारसुद्धा नाही!"

गाडी जॅकवर चढली. बोल्ट गंजून असा रुतला होता, की भाऊसाहेब पान्याला लोंबकळले तरी ढिम्म! मग वहिनींचा भाऊ आला. मेहुणा चांगला एकशे दहा किलोचा. तो लोंबकळला, बोल्ट सुटला आणि मेहुणा कुंड्यांत जाऊन पडला. चहा निवला, दुसरा आला, तोही निवला. दोन वाजता काम संपलं, आणि खरं सांगायचं तर चोख झालं. एकही नट उरला नाही, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

जॅक काढला. गाडी खाली आली, पण फक्त पुढून. मागून ती तशीच वर! पलंगाखाली हरवलेली चप्पल शोधतेय असंच वाटावं.

"बसेल हळूहळू," भाऊसाहेब म्हणाले. मागच्या सीटवर पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवून, मेहुण्याला पुढे शेजारी बसवून त्यांनी गल्लीला एक फेरी मारली.

"पाणी कुठंय?" वहिनींनी रिकाम्या पातेल्यात बघत विचारलं.

"माझ्या पाठीवर, ताई."

भाऊसाहेबांनी तावातावानं दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मागे वजन किती असतं म्हणून मी विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, तीन क्विंटल! तेवढं टाका, लोण्यासारखी चालेल. रिकामी उडणारच!"

"तीन क्विंटल?" वहिनी किंचाळल्या. "अहो, केक नऊ किलोचा आहे!"

"त्यानं विचारलं, वहिनींचा धंदा केवढा? माझ्या तोंडून नऊ किलो निघेना गं. तुझा धंदा लहान कसा सांगू?"

वहिनींनी रागानं उगारलेला चमचा तसाच खाली आला. गहिवरून आलं होतं, पण घड्याळात साडेतीन झाले होते. जुन्या स्प्रिंगा भंगारवाल्यानं कधीच नेल्या होत्या. भाड्याची गाडी बोलवावी, तर केकचं नाव ऐकताच तिघांनी फोन ठेवले.

"मग वजन गोळा करू या!" वहिनींनी पदर खोचला.

मेहुणा होताच. वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका नव्वद. काकू वजन सांगेनात, तेव्हा काका हळूच म्हणाले, "माझ्याएवढंच धरा." तिघं मागे कोंबून बसले, डिकीत केक. दोनशे नव्याण्णव! उरलेल्या किलोसाठी काकूंनी मांडीवर पर्स घेतली. गाडी समाधानानं खाली बसली, आणि काय सांगू महाराजा, सात गतिरोधक गेले, वरचं साखरेचं फूलसुद्धा हललं नाही!

हॉटेलच्या मॅनेजरनं केकभोवती दोनदा फेरी मारली. "वा! दर शनिवारी पाहिजे!"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "यांच्यामुळे हो! स्प्रिंगा यांनीच बसवल्या," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. भाऊसाहेबांची छाती फुगली.

मॅनेजरनं पलीकडे पाहिलं. पाहुणे समजून वेटरनं शिंपीकाका, काकू आणि मेहुण्याला केव्हाच टेबलावर बसवलं होतं. मेहुणा तिसरी प्लेट मागवत होता.

"फक्त एक विनंती," मॅनेजर हात जोडून म्हणाले. "पुढच्या वेळेपासून तुम्ही आणू नका. आमची व्हॅन येईल न्यायला."

 भाऊसाहेबांनी घसा खाकरून हळूच विचारलं, "व्हॅनच्या मागच्या स्प्रिंगा कधी बदलल्या होत्या हो?"

वहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला, आणि मॅनेजर आत जाईपर्यंत उचलला नाही.