निरोपाचा मांडव

एका जंगलात सात पाठशाळा होत्या. त्या सातांपैकी एकीतही अभ्यास होत नव्हता, कारण सगळ्यांना फुटबॉलचं वेड लागलं होतं. हसू नका रे बाळांनो, मी अजून गोष्ट सुरूसुद्धा केलेली नाही.

दर थंडीत सातही पाठशाळांचे सामने व्हायचे. प्रत्येकीने बाकीच्या सहाजणींशी एकेकदा खेळायचं. ओढ्याकाठची पाठशाळा दरवर्षी सातवी यायची. आठवी पाठशाळा असती, तर ही आठवी आली असती.

पण एका बाबतीत ओढ्याकाठचा हात धरणारं कुणी नव्हतं. सामने संपले की तिथे खेळाच्या मास्तरांना निरोप देण्याचा समारंभ व्हायचा, आणि काय थाटात व्हायचा म्हणून सांगू! मांडव, तोरणं, शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पोटभर बासुंदी. माजी विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब गवा भाषण करता करता डोळे पुसायचे. दुसऱ्या दिवशी तेच डोळे नवा मास्तर शोधायला लागायचे. दहा वर्षांत दहा मास्तर झाले. आबासाहेबांनी शाली डझनावारी आणून ठेवल्या होत्या. दरवर्षी बाजारात कोण खेटे घालणार?

अकराव्या वर्षी कृष्णाक्का घोरपड आल्या. घोरपडीचीच जात ती, एकदा धरलं की सोडणं माहीत नाही.

"आबासाहेब, मला तीन वर्षं द्या," अक्का म्हणाल्या. "ही पोरं एका वर्षात तयार व्हायची नाहीत."

आबासाहेबांना ठसकाच लागला. "तीन? अहो, लोक काय म्हणतील? मंडळ झोपलंय म्हणतील! असं करा, एक तरी सामना जिंकून दाखवा. पुढचं वर्ष तुमचं. माझा शब्द."

अक्का मैदानावर गेल्या. गोलात चिंधू मुंगूस उभा होता. बिचारा दहा वर्षं एकाच इयत्तेत होता, पण ते असू द्या. चेंडू त्याच्या मिशांना वारा घालून गेला, तरी हा जागचा हलला नाही.

"अरे, उडी का मारत नाहीस?"

"कशी मारू, अक्का? पहिले मास्तर म्हणाले, डावीकडे उडी मार. दुसरे म्हणाले, उजवीकडे. तिसऱ्यांनी पुढे धावायला सांगितलं, चौथ्यांनी मागे राहायला. पाचव्यांनी तर डोळे मिटायला सांगितलं होतं. सगळ्यांचा मान राखायचा म्हणून मी नुसता उभा राहतो."

बाकीची पोरंही तशीच. माकड चेंडू घेऊन झाडावर जायचं, कारण सातव्या मास्तरांनी उंचावरून खेळा असं सांगितलं होतं. अक्कांनी नवीन काहीच शिकवलं नाही. जुनं विसरायला शिकवलं. चिंधूला एवढंच सांगितलं, "बाळा, चेंडू दिसेल तिकडे जा."

पहिला सामना नऊ गोलांनी हरले. दुसरा सहा गोलांनी. आबासाहेबांनी तेवढ्यात मांडवाचे खांब पुरून घेतले. तिसरा चार गोलांनी हरले, तेव्हा मानपत्र लिहून झालं. चौथा एकाच गोलाने गेला, पण त्याच दिवशी प्रमुख पाहुणे म्हणून शेजारच्या जंगलातल्या हत्तीमहाराजांना आमंत्रण गेलं. पाचवा सामना चक्क बरोबरीत सुटला. आबासाहेबांनी बासुंदीसाठी दूध सांगितलं.

उरला शेवटचा सामना, टेकडीवरच्या पाठशाळेशी. अक्कांना आदल्या दिवसापासून घास गिळवेना. हरलो तर ही पोरं पुन्हा नव्या माणसाच्या हातात जातील आणि चिंधू पुन्हा खांब होईल, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

ओढ्याकाठने एक गोल केला. माकडाने, जमिनीवरून! मग शेवटच्या घटकेला टेकडीच्या तरसाने असा काही चेंडू हाणला की अक्कांनी डोळेच झाकले. चिंधूने चेंडू पाहिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने उडी मारली, आणि चेंडू छातीशी धरला.

जिंकले रे, बाळांनो, जिंकले! चिंधू धावत येऊन अक्कांच्या शेपटीला बिलगला. "पुढच्या वर्षी मी उजवीकडची उडी शिकणार," तो म्हणाला. अक्का रडत होत्या आणि हसत होत्या.

इतक्यात सनई वाजली. आबासाहेब हात जोडून समोर उभे.

"चला अक्का, मांडवात चला. पाहुणे खोळंबलेत."

"पण आबासाहेब, आम्ही जिंकलो! तुमचा शब्द..."

"शब्द आहेच हो! पण हत्तीमहाराज दोन दिवस चालत आलेत. त्यांना काय सांगू, परत जा म्हणून? मानपत्रावर तुमचं नाव घातलंय. आणि दूध आटलंय, अक्का. आटलेलं दूध काही परत पातळ होत नाही." आबासाहेबांनी खरोखरच डोळे पुसले. "शिवाय जिंकून निघालेल्या तुम्ही पहिल्याच. अशा निरोपाला शोभाच वेगळी!"

अकरावी शाल अक्कांच्या खांद्यावर पडली. शेपटीला काही ती पुरली नाही. हत्तीमहाराज दीड तास बोलले आणि दोनदा अक्कांना मगरबाई म्हणाले. चिंधूने बासुंदीला तोंड लावलं नाही.

दुसऱ्याच दिवशी टेकडीवरच्या पाठशाळेने अक्कांना बोलावून नेलं, तेही पाच वर्षांसाठी. पुढच्या थंडीत टेकडीने ओढ्याकाठला आठ गोल मारले. एकेक चेंडू चिंधूच्या शेजारून गेला. तो मधोमध उभा होता, कारण बारावे मास्तर म्हणाले होते, वर बघ.

सामना संपल्यावर अक्का त्याच्याजवळ गेल्या आणि शाल त्याच्या खांद्यावर घातली. थंडी फार होती.

ते पाहून आबासाहेब मंडळातल्या लोकांना म्हणाले, "बघितलंत? आपण निवडलेली माणसं किती गुणी असतात! आता शाली दोन डझन आणून ठेवा."

तात्पर्य : संघ जिंकायला लागला म्हणून घाबरून जाऊ नये. मांडव वेळेवर घातलेला असला, की सगळं पुन्हा पूर्वीसारखं होतं.