अकोला हाये

आम्ही बडनेऱ्याच्या या कॉलनीत राहायला आलो त्या दिवशी शेजारचे पाठकसर दारात येऊन उभे राहिले. 'कुठले तुम्ही' नाही, 'चहा पाठवू का' नाही. माझ्या हातातल्या किल्लीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "वैनी, ही आणखी कुठी हाये?"

मला कळेना. म्हटलं, "ही इथंच आहे की, हातात."

"तेच तं. अन् दुसरी?"

दुसरी सामानाच्या कुठल्याशा खोक्यात होती. सरांनी असं तोंड केलं, जणू मी लेकरू फलाटावर विसरून आले. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतः बाजारात जाऊन त्या किल्लीच्या दोन किल्ल्या करून आणल्या. एक मला दिली, एक स्वतःच्या घरी खिळ्याला टांगली आणि समाधानाने घरी जाऊन जेवले.

मी तीस वर्षं रेल्वेच्या तिकीट-खिडकीवर बसले. माणसांचे इतके नमुने पाहिले की आता मी कुणाला चटकन वेडा म्हणत नाही. पाठकसरांना म्हणायला मी आठ दिवस थांबले.

सर अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. घरात एकटे, आणि वस्तू मात्र जोडीजोडीने. एकाच नंबरचे तीन चष्मे, तीन खोल्यांत. रेशन कार्डाच्या झेरॉक्स पिठाच्या डब्यामागेसुद्धा. उन्हाळ्यात ते स्वतः आंब्याचं लोणचं घालायचे आणि त्याच्या तीन बरण्या करून तीन घरी ठेवायचे. माझ्याकडच्या बरणीवर चिठ्ठी असायची, 'प्रत दोन'. खायला हरकत नव्हती, पण किती फोडी खाल्ल्या ते सांगायचं, म्हणजे ते बाकीच्या बरण्यांतून तेवढ्याच काढणार.

एका वर्षी मला ते लोणचं मिळमिळीत वाटलं, म्हणून मी माझ्या बरणीत चार हिरव्या मिरच्या चिरून घातल्या. मुरल्यावर इतकं झकास लागत होतं! महिन्याने सर तपासणीला आले. झाकण उघडलं, आणि चिमट्याने एकेक मिरची बाहेर काढायला लागले.

"अहो सर, राहू द्या ना. चांगली चव आली आहे."

"माह्या बरणीत नाही ते तुमच्या बरणीत काहून? मंग ती प्रत कशाची?"

मिरच्या वाटीत काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि निघून गेले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक ट्रंक होती. सरांचे वडील कौंडण्यपूरकडच्या एका खेड्यात भिक्षुकी करत. पंचांगाचं गणित ते स्वतः मांडायचे, त्यांच्या गुरूंच्या पद्धतीने, अकरा वह्यांमध्ये. एका वर्षी ट्रंक उघडली तर आत वाळवी. नऊ वह्यांचा भुगा झाला होता. सर तेव्हा बारा वर्षांचे, धाकटा भाऊ अरविंद सात वर्षांचा. "बाबा उठले," सर मला सांगायचे. "भुगा सुपात घेतला अन् नदीवर नेऊन सोडला, अस्थी सोडते तसा. घरी आल्यावर म्हनाले, दुसरीकडं लिहून ठुवाले पाह्यजे होतं."  हे ऐकल्यापासून मला त्यांच्या झेरॉक्सवर हसणं जमेना.

उरलेल्या दोन वह्यांवरून या दोघा भावांनी पुढे मोठेपणी कॉम्प्युटरवर पंचांगाचा प्रोग्रॅम बांधला. अरविंद अकोल्याला वकील. वडिलांचं बारीक, किडमिडं अक्षर त्यालाच लागायचं. तो फोनवर वाचून दाखवायचा, सर इकडे गणित बसवायचे. अशी कित्येक वर्षं गेली.

आता असला प्रोग्रॅम सर एका ठिकाणी ठेवतील का? मूळ प्रत त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर. एकेक प्रत दोन वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांच्या साइटवर, जिथे जगातले लोक आपापले प्रोग्रॅम फुकट ठेवतात म्हणे. पण त्यांच्यावर सरांचा भरवसा नव्हता. "परक्याचा ओटा हाये, वैनी. बसू देतील तोवर बसाचं. उद्या म्हनतील उठा." म्हणून चौथी प्रत अकोल्याला, अरविंदच्या घरी. तिथे सरांनी पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र नेऊन बसवलं होतं. त्याला ते 'डबा'च म्हणायचे. अरविंद सकाळी पूजा झाली की डबा सुरू करायचा. साडेनऊ वाजता सरांच्या कॉम्प्युटरवरून सगळीकडे आपोआप ताजी प्रत जायची. पोचली की पडद्यावर त्या त्या नावापुढे हिरवी खूण यायची.

"मूळ एकच," सर मला समजावून सांगायचे. "बाकीचे आरसे. इथं जे हाये तेच तिथं दिसलं पाह्यजे. कमी नाही, जास्त नाही."

मग ते भांडण झालं. चार वर्षांपूर्वी वडिलांच्या श्राद्धाची तिथी काही मिनिटांनी इकडची तिकडे होत होती. सरांच्या प्रोग्रॅमने मंगळवार काढला. छापील पंचांगात बुधवार. अरविंद फोनवर म्हणाला, "दादा, प्रोग्रॅम चुकला." सर म्हणाले, "बाबाच्या गनिताले चूक म्हनतं तू?" दोघांचे आवाज चढले. अरविंदने मागचं काय काय काढलं, सरांनी त्याहून मागचं. शेवटी बडनेऱ्यात मंगळवारी श्राद्ध झालं आणि अकोल्यात बुधवारी. वडील दोन दिवस जेवले आणि भावांचं बोलणं बंद झालं.

पण डबा बंद झाला नाही. रोज सकाळी साडेनऊला सर पडद्यासमोर बसायचे. खूण हिरवी झाली की गॅलरीत येऊन, मी कपडे वाळत घालत असले तर मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "अकोला हाये." अरविंद बरा आहे, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. साडेनऊच्या सुमारास कपडे वाळत घालायची सवय मात्र मी लावून घेतली.

प्रोग्रॅमसोबत 'नोंद' नावाची एक फाइल जायची. आज काय बदललं ते सर त्यात लिहीत. एकदा ती उघडी दिसली म्हणून मी वाचली. 'ग्रहणाचा भाग पुन्हा तपासला. उजवा गुडघा दुखतो. इथं ऊन फार.'

"सर, गुडघा प्रोग्रॅममध्ये कशाला?"

"नोंद पूर्ण पाह्यजे," ते म्हणाले आणि फाइल बंद केली. जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "वाचत असन तो. डबा लावते म्हंजे वाचत असन." चार वर्षं सर असे गुडघा, खोकला, संत्र्याचा भाव लिहीत राहिले आणि अकोल्याकडून हिरव्या खुणेशिवाय एक अक्षर आलं नाही.

यंदा, पितृपक्ष महिन्यावर आला असताना, एका सकाळी सर गॅलरीत आलेच नाहीत. मीच गेले. पडद्यावर अकोल्यापुढे लाल खूण होती.

"लाइन गेली असन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी लाल. मी म्हटलं, फोन करा. "डब्यासाठी फोन काहून कराचा?" म्हणाले. मी म्हटलं, मग मी करते, मला नंबर द्या. तर नंबर तीन ठिकाणी लिहिलेला असूनही त्यांना सापडेना. त्या दिवशी त्यांच्या घरातून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दारात उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. "वैनी, अकोल्याले जाऊन राहिलो. डब्याची डिस्क बदलावी लागन. तुमची बहीन हाये ना तिथं? तुमी येता का?"

बहिणीला मी आदल्याच आठवड्यात भेटले होते. तरी निघाले. गाडीत सर पिशवी मांडीवर घेऊन बसले. पिशवीत नवीन डिस्क होत्या. किती, ते सांगायला नको. मूर्तिजापूर आलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "वैनी, डबाच बिघडला असला तं बरं हाये."  मी पाण्याची बाटली पुढे केली. एवढंच सुचलं मला.

दार अरविंदने उघडलं. धडधाकट होता, फक्त केस पार पांढरे झालेले. सर त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिले. मग एकदम कडक आवाजात म्हणाले, "डबा काहून बंद हाये?"

"मीच बंद केला," अरविंद म्हणाला.

"तू?"

"हो. मी लिहिलेलं एक तरी राहावं म्हून."

आम्हाला आत घेऊन तो बोलत सुटला. चार वर्षांचं साठलेलं होतं. डब्यातल्या फाइली त्याला घरच्या कॉम्प्युटरवर दिसायच्या, त्यात लिहिताही यायचं. सरांनी गुडघ्याचं लिहिलं की तो त्याखाली उत्तर लिहायचा. "अन् दुसऱ्या दिवशी पाहतो तं माहं लिहिलेलं साफ. तुहं तेवढं जाग्यावर! मले वाटलं, ह्याले आपलंच सांगाचं हाये, माहं आयकाचं नाही. तरी लिहित राहिलो. तू पुसत राहिला."

सर उभेच होते. मला मात्र त्या क्षणी वाटीतल्या चार मिरच्या दिसल्या.

"अरविंद," सर म्हणाले, आणि खुर्ची ओढून खाली बसले. "मी नाही रे पुसलं. म्हंजे मीच पुसलं. मूळ प्रतीत नाही ते आरशात ठुवाचं नाही, असं मीच लिहून ठुलं होतं. रोज साडेनवाले इथली फाइल माह्या फाइलीसारखी होऊन जाये. तुहं एक अक्षर मी पाह्यलं नाही. मी तं वाट पाहत होतो."

 अरविंदने उठून डबा सुरू केला, फक्त नेटची वायर लावली नाही. पडद्यावर त्याची शेवटची ओळ आली. 'दादा, औंदा बाबाचं दोघं मिळून करू. तू म्हनशीन त्या दिवशी.'

सरांनी ती ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग बाह्या सरसावल्या. "पुसलं म्हंजे नुसतं नाव काढलं," ते म्हणाले. "मजकूर मांगं अडगळीत पडून राहते, कोनी झाडून काढेपर्यंत. पाहू दे मले." त्यांनी काहीबाही टाइप केलं आणि पडद्यावर एकामागून एक ओळी येऊ लागल्या. चार वर्षांतली अरविंदची उत्तरं.

'गुडघ्याले तिळाचं तेल लाव. आई लावे तसं.'

'ताप होता म्हून दोन दिवस पूजा न करताच डबा लावला. काळजी करू नको.'

'तू वेळेवर जेवतं का?'

'दादा, तुहं गनित बरोबर होतं. मीच वहीतली ओळ चुकीची वाचून देली होती. माफ कर.'

ही ओळ सर्वांत जुन्या ओळींपैकी होती. भांडण झालं त्याच महिन्यातली. सर पडद्यावर हात ठेवून बसले, आणि साठीपार झालेला तो माणूस आमच्यासमोर हुंदके देऊन रडला. अरविंद मागे येऊन उभा राहिला आणि त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. तहान लागली नव्हती.

श्राद्ध अकोल्याला झालं, एकाच दिवशी. तो दिवस ठरवताना मात्र पुन्हा आवाज चढले, कारण आता सर म्हणत होते की तू म्हणशील तो दिवस, आणि अरविंद म्हणत होता की नाही, तू म्हणशील तो.

आता रोज साडेनऊला सर आधी अकोल्याची प्रत उघडून वाचतात, आणि मगच आपली पाठवतात. गॅलरीत येऊन अजून "अकोला हाये" म्हणतात, पण पुढे, अरविंदला खोकला झालाय, अरविंदने कारल्याची भाजी केली, असलं काहीतरी असतं. यंदाच्या मुरलेल्या लोणच्यात मला विचारून त्यांनी मागाहून मिरच्या घातल्या. तिन्ही बरण्यांत.

दिवाळीत ते एक जाड पाकीट घेऊन आले. अरविंदने चार वर्षं लिहिलेलं सगळं त्यांनी कागदावर छापून घेतलं होतं. पाकिटावर नेहमीच्या अक्षरात होतं, 'प्रत दोन'.

"वाचलं तरी चालते," ते म्हणाले. "फक्त ठुवा. माह्या घराले वाळवी लागली तं?"

मी ते वाचलं नाही. माझ्या लग्नाच्या शालूखाली, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलं आहे. दर महिन्याला कपाट उघडून बघते, आणि गॅलरीतून सरांना सांगते, "सर, प्रत दोन आहे."